नाडी बांधायचा नियम

बाबा,

तुम्ही उठलात की लगेच गाडी काढाल, म्हणून आधीच निघाले. मुलाखतीला मी बसनेच जाणार. दूध तापवून ठेवलंय. फोन करत सुटू नका, मीच करेन.

रागावून गेलेली नाही. काल जेवताना तुम्ही म्हणालात, "चष्म्याचं दुकान घरचं असताना नोकरी शोधतेस? काखेत कळसा नि गावाला वळसा!" दादा फिदीफिदी हसला आणि मी ताटावरून उठले. तसं उठायला नको होतं.

पण बाबा, दर रविवारी आपण जिओकॅशिंगला जातो, कुणा अनोळखी माणसाने लपवलेला डबा फोनवरच्या आकड्यांवरून शोधतो, तेव्हाचा घरचा नियम कुणी केला? डबा ज्याला आधी दिसेल त्याने ओरडायचं नाही. गुपचूप वाकून बुटाची नाडी बांधत बसायचं, म्हणजे बाकीच्यांची मजा जात नाही. पाण्याच्या टाकीपाशी तुम्ही इतका वेळ नाडी बांधत होतात की एका बाईंनी विचारलं, "कंबर धरली का हो?" आणि डबा शेवटी मला सापडला, तेव्हा सगळ्यात जास्त तुम्हीच नाचलात.

आताही डबा तुम्हाला आधीच दिसलाय असं तुम्हाला वाटतंय. असेलही. पण मला शोधू द्या ना.

रविवारी पुलाखालच्या डब्यासाठी मी येतेच आहे. तुम्ही मात्र चपला घालून येऊ नका. नाडीचे बूट घाला.

तुमची,
ठकी