खेळातले सर

शुक्रवार, १४ ऑक्टोबर २०११. दुपारी पाऊस. तात्पुरत्या घरांच्या सभागृहात अकरा मुले खेळायला आली.

कुवाबारा सर,

तुमची नात चिहाया आज आली होती. मुले अजून त्सुनामीचाच खेळ खेळतात. निळी ताडपत्री म्हणजे लाट, टेबल म्हणजे शाळेमागची टेकडी. आम्हा स्वयंसेवकांचा नियम आहे, खेळ थांबवायचा नाही आणि मूल देईल ते सोंग नाकारायचे नाही.

"काकू, तुम्ही सर व्हा," चिहाया म्हणाली.

"मग मी काय बोलू?"

"बसा खाली! हजेरी संपेपर्यंत कुणी उठायचं नाही! आजोबा झोपेत असंच ओरडतात."

ते वाक्य तुम्हाला झोपेतही सोडत नाही, हे ऐकून मला बरे वाटले.

मी ते वाक्य म्हटले. मार्चमध्ये तुमच्या तोंडून हेच ऐकून माझी मिनोरी शाळेच्या मैदानात बसून राहिली आणि वाहून गेली. आज बाकीची मुले हसत टेबलावर चढली.

"ए चिहाया, बुडशील की!"

"सरांनी सांगितलंय ना, बसा म्हणून!"

लाट जवळ आली. क्षणभर वाटले, बसू दे. मग मी तिला उचलून टेबलावर ठेवले. सहा पावले लागली, सर.

हे पत्र पाठवणार नाही. वाचलेत तर तुम्ही येणार नाही. चिहायाबरोबर फक्त निरोप दिला आहे की पुढच्या शुक्रवारी आजोबांनी खेळायला यावे. मुले तुम्हाला सोंग देतील. नियम तुम्हालाही आहे.

मिनोरीची आई,
नात्सुए होरिगोमे

ता. क. सगळे गेले. ताडपत्रीवर चहा सांडला आहे. तो पुसते आणि घडी घालून ठेवते.