पिवळ्या बोयाजवळचा बिघाड

कात्रप, बदलापूर
१३ जानेवारी २०२५

ती. धर्मेशकाकांस,
करिष्माचा शि. सा. न. वि. वि.

कारखान्यात चाळीस वर्षं लेखी तक्रारीशिवाय तुम्ही मशीनला हात लावला नाहीत, आणि फोनवर सांगितलेला बिघाड अजूनही तुमच्या कानात शिरत नाही, म्हणून हे पत्र. अल्पेश उद्या अंबरनाथला कामावर जाताना देऊन जाईल. नवऱ्याचा पोस्टमन केला म्हणून कुरकुरतोय.

तुम्ही बांधून दिलेली रिमोटवर चालणारी छोटी शिडाची बोट, आपली बकुळा, बिघडली आहे. चामटोलीच्या तळ्यावर लागोपाठ दोन रविवार असंच झालं. शर्यत सुरू झाली की शहाण्यासारखी चालते, आणि पलीकडे खुणेसाठी तरंगत ठेवलेल्या पिवळ्या बोयाला वळसा घालायची वेळ आली की तिला वेड लागतं. मी रिमोटची कांडी डावीकडे दाबते, तर सुकाणू थरथरतं, शीड आतबाहेर होतं, आणि बोट शर्यतीतल्याच जितेशच्या बोटीवर जाऊन आदळते. दुसऱ्या कुणाच्या रिमोटचा घोळ म्हणावा, तर तळ्यावर प्रत्येक चॅनलच्या नंबरचा एकच चिमटा असतो, आणि तो ज्याच्याकडे, त्यानेच त्या चॅनलचा रिमोट चालू करायचा असा नियम आहे. चार नंबरचा एकुलता एक चिमटा माझ्या कॉलरला होता. डोकं चालेनासं झालंय.

पहिल्या शर्यतीला तुम्ही काठावरून एवढे ओरडत होतात, की मीच येऊ नका म्हटलं. त्याचा राग नाही ना? गुडघा कसा आहे? सुनंदाकाकीला नमस्कार.

माया पातळ होऊ देऊ नका.
तुमची,
करिष्मा

अंबरनाथ
१५ जानेवारी २०२५

चि. करिष्मास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

राग कसला? गुडघ्यामुळे मी तसाही घरातच असतो.

आता नीट वाच. आधी बॅटरी बदल. मग रिसीव्हरच्या डब्यात ओल आहे का बघ. मग सुकाणूची छोटी मोटर. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर कशाने सुधारलं ते कळत नाही. बिघाड किती वाजता झाला तेही लिहीत जा.

एक विचारतो, मनाला लावून घेऊ नकोस. बोया जवळ आला की तुझा हात घाबरतो का? तुझी काकी म्हणते, बोटीला आजीचं नाव दिलंत, मग ती हट्टीच निघणार.

आमची आठवण ठेवतेस, अशीच ठेव.
तुझा,
धर्मेशकाका

कात्रप
२० जानेवारी २०२५

ती. काकांस,
शि. सा. न. वि. वि.

तुम्ही सांगितलं ते सगळं एकेक करून केलं. उल्हासनगरला जाऊन नवी बॅटरी आणली. दुकानातल्या सिंधी शेठनी रिसीव्हर तपासला आणि माल एकदम सही आहे, डोकं खाऊ नका, असं हसत सांगितलं. घरी पिंपात बोट ठेवून पाऊण तास रिमोट चालवला, सुकाणू एकदाही थरथरलं नाही.

आणि काल तळ्यावर पुन्हा तेच. पहिल्या फेरीत दहा वीसला, दुसऱ्या फेरीत दहा पन्नासला, दोन्ही वेळा त्याच बोयाजवळ. मी उतावळेपणाने कांडी आणखी दाबली, तशी ती आणखीच बिथरली.

म्हणजे तुमचंच खरं. हात माझाच घाबरतो. बोटीत दोष असता तर मला बरं वाटलं असतं. येत्या रविवारी शेवटचा प्रयत्न करते. जमलं नाही तर बकुळा जितेशला देऊन टाकीन. आजीच्या नावाची बोट दुसऱ्याला देताना रडू येईल, पण माझ्या हातात तिची फरफट नको.

तुमचा लोभ आहे, तोच आधार.
करिष्मा

अंबरनाथ
२३ जानेवारी २०२५

चि. करिष्मा,
आशीर्वाद.

बोट कुणाला देऊ नकोस. तुझा हात घाबरत नाही. बिघाड मी आहे.

बोट बांधताना चाचणीसाठी मी दुसरा रिमोट घेतला होता, तोही चार नंबरचाच. तिन्ही रविवारी, शेक घ्यायला जातो असं काकीला सांगून, मी रिक्षाने चामटोलीला आलो आणि काठावर उभ्या असलेल्या टेम्पोआड माकडटोपी घालून बसलो. तू बोयाला वळायला उशीर करतेस असं वाटलं, की पिशवीतल्या पिशवीत तो रिमोट चालू करून कांडी दाबायचो. घट्ट बसलेला नट दोघांनी जोर लावला की सुटतो, एवढीच माझी अक्कल. बोट थरथरली की तू गडबडलीस असं समजून मी अजून जोर लावायचो. चिमटा मागायचा प्रश्न नव्हता, कारण तुमच्या लेखी मी तिथे नव्हतोच ना.

तू लिहिलेल्या वेळा वाचल्या. मी कांडी दाबली त्याच त्या वेळा होत्या. शेजारच्या किसनला विचारलं. तो म्हणाला, एका चॅनलवर दोन रिमोट लागले की बोट कुणाचंच ऐकत नाही. मी तुला मदत करत होतो, बाळा, आणि तुझ्यावरच संशय घेत होतो. लाज वाटते. त्या रिमोटचे सेल काढून काकीकडे दिले आहेत.

जमलं तर लोभ कमी करू नकोस.
काका

कात्रप
२७ जानेवारी २०२५

ती. काकांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून दोन दिवस मी खूप रागावले होते. तुमचं आधीचं पत्र आल्यापासून मी रोज स्वतःचे हात बघत होते. अल्पेशने समजूत घालायचा प्रयत्न केला, तर त्यालाही बोलले.

काल शर्यतीला गेले. टेम्पोआड आधी बघून घेतलं, कुणी नव्हतं. पिवळ्या बोयाला मी खरंच उशिरा वळले. मग वारा ओळखायला चुकले, शीड उगाच सैल सोडलं आणि परतीला गवतात शिरले. सात बोटींत पाचवी आले. सुकाणू एकदाही थरथरलं नाही. जे जे चुकलं ते सगळं माझंच होतं, काका. किती बरं वाटलं, ते तुम्हाला लिहून कळायचं नाही.

लोभ भरपूर आहे.
तुमचीच,
करिष्मा