विहीर डावीकडे होती

कॅरी, १८ ऑक्टोबर १९८६

उद्यापासून लायब्ररीत माझ्या शांघायच्या फोटोंचं प्रदर्शन. आज मांडणी बघायला शेजारच्या मिसेस चेन आल्या आणि एका फोटोपुढे थबकल्या. "ही आमची गल्ली! पण विहीर डावीकडे होती." आता ती गल्ली पाडलीय, विचारायचं कुणाला? "फोटोत तर उजवीकडे दिसतेय," मी म्हटलं. त्या हटेनात. डावीकडेच!

चैन पडेना. घरी येऊन निगेटिव्ह काढली. मीच ती उलटी लावून प्रिंट केली होती!

लगेच फोन केला. "विहीर डावीकडेच आहे. तुमचंच बरोबर." त्या आनंदाने ओरडल्याच. "थांब, हे माझ्या मुलाला सांग. तो म्हणतो, आईला आता काही आठवत नाही." मुलगा फोनवर आला. त्याला मी दोनदा सांगितलं, अगदी ठणकावून!