ह्यांच्या नावाची कार्डं

८ नोव्हेंबर १९७१, सोमवार
आणि वर डॉक्टरीणबाई मलाच बोलतात! दवाखान्याचे दहा वर्षांचे केसपेपर नंबरवार रचले, ते काय मी? बाया चिठ्ठी हरवून येतात. नंबर नाही, मग आख्खी खोली उपसा. तोवर बाळंतीण बाकावर तळमळते. त्यांना तोंडावर सांगितलं, नवऱ्याच्या नावाने कार्डं करते, अ पासून खणात लावते. नाव सांगितलं की नंबर हातात. म्हणाल्या, जमेल? म्हटलं, चौथी पास आहे मी. आठ दिवस.

१३, शनिवार
बाळांची कार्डंही घेतली. प्रत्येकावर आईच्या पेपरचा नंबर पाहिजे. आई सापडल्याशिवाय बाळ खणात जाणार नाही, हा माझा नियम. बिनआईची बाळं टोपलीत ठेवली. फार नाहीत. दुसरी टोपली मागवली आहे.

१८, गुरुवार
खिडकीवर घोळ. नवऱ्याचं नाव विचारलं की बाया पदर तोंडात धरतात. एकीने उखाणाच घेतला, रांग हसत बसली. खिडकीवरची आया गोजरबाई म्हणाली, अवं, नवऱ्याचं नाव घेतंय व्हय कुनी? तुमी तरी घ्या बघू. हिला काय कळतंय कामातलं! उद्यापासून बायांनी संगं दीर आणायचा.

२०, शनिवार
कार्डं लिहून झाली. फक्त आमच्या ह्यांच्या नावाची माणसं लई निघाली. जे नाव बोलत नाही ते लिहू कशी? ते पेपर वेगळे बांधले. किरकोळ आहेत. बाईंना सांगितलं, काम फत्ते.

२४, बुधवार, संध्याकाळ
कोल्हारची छबूबाई अडली. मागच्या खेपेला इथंच पोट चिरलं होतं. बाईंनी जुना पेपर मागितला. नवरा ओरडून नाव सांगत होता. ह्यांचंच नाव. खणात कार्ड कुठलं? गठ्ठे सोडले, एकेक पेपर उलटत बसले. तो म्हणत ऱ्हायला, मावशी, नीट बघा की, मानूस जातंय माजं. बाई थांबल्या नाहीत, भूल देऊन पोट चिरलं. पेपर मागाहून सापडला. त्यात लिहिलेलं, भूल सोसत नाही. मुलगी झाली. छबूबाईला अजून शुद्ध नाही.

२६, शुक्रवार
दुपारी छबूबाईने डोळे उघडले. नवऱ्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. एवढ्या माणसांनी एकच नाव ठेवायचं, आणि चूक माझी! बाई म्हणाल्या, सोमवारी ते गठ्ठे लिहायला बसा, नाहीतर खोलीची किल्ली गोजरबाईला द्या. ती तर अंगठेबहाद्दर!
घरी आल्या आल्या ह्यांना सांगितलं, दुसरं नाव घ्या. भाकरी मोडता मोडता म्हणाले, आता, पन्नाशीत? म्हटलं, हसायचं काम नाही. सोमवारी मी कामावर निघायच्या आत उत्तर पाहिजे.