शर्लिनच्या घरची व्हिजिट

१ डिसेंबर, सोमवार
इंटर्नशिप सुरू. वसईतली बालहक्कांची संस्था. खोली एक, पंखा एक. संकल्प : महिनाभरात एका तरी मुलाचं आयुष्य बदलायचं. पहिल्याच दिवशी लतिका मॅडमनी फायलींना नंबर घालायला बसवलं. माणसांची पारख नाही.

३ डिसेंबर, बुधवार
केस मिळाली! शर्लिन, वय अकरा, पाचूबंदर. आई नाही, बाप बोटीवर. बापाला शोधायला शाळेतूनच निघाली, दोन दिवसांनी दुसऱ्याच बंदरावर सापडली. सध्या बालगृहात. ग्रेसीआजी तिला परत मागतेय. बालकल्याण समितीपुढे १२ तारखेला सुनावणी, त्याआधी कोणीतरी घर बघून अहवाल द्यायचा. कोणीतरी म्हणजे मी.
शर्लिनला भेटलो. नाताळला घरी जाईन ना, विचारत होती. म्हटलं, शंभर टक्के.
मॅडम म्हणाल्या, सकाळी जाऊ नकोस, कोळणी बाजारात असतात, चारनंतर जा. चारला माझं जिम असतं. बघू.

५ डिसेंबर, शुक्रवार. सकाळी ११.१०
पाचूबंदर. दाराला कुलूप. अंगणात बोंबील वाळत घातलेले, शर्टाला वास लागला. शेजारी सेबेस्टियन नावाचे गृहस्थ जाळं दुरुस्त करत होते. म्हणाले, ग्रेसी मासे विकायला गेलीय, चारला येल, बस, पानी पी. पाच तास कोण बसणार? मित्र क्लेटन बाइक घेऊन उभा होता, राजोडी बीचचा प्लॅन आधीच ठरलेला. सोमवारी परत येईन. नक्की.

८ डिसेंबर, सोमवार
जाणार होतो. शिंका. बोंबलांमुळेच.

१० डिसेंबर, बुधवार
अहवाल तयार. खोटं एक अक्षर नाही : 'भेटीच्या वेळी घर बंद. पालक गैरहजर. परिसरात दुर्गंधी.' फारच तोकडं दिसायला लागलं, म्हणून शेवटी 'सबब पालक मुलीची देखभाल करण्यास असमर्थ' घातलं. 'सबब'ने वजन येतं. मॅडम तापाने घरी. फोनवर विचारलं, आजी काय म्हणाली? म्हटलं, सगळं अहवालात आहे. म्हणाल्या, मग सादर कर. अहवालात काही कमी-जास्त असलंच तर मी स्वतः समितीपुढे उभा राहून तोंडी सांभाळून घेईन. त्यासाठी ब्लेझर शिवून घेतला.

१२ डिसेंबर, शुक्रवार
इंटर्नला आत सोडत नाहीत. हे आधी सांगायला नको?
दहा मिनिटांत आदेश. शर्लिनची रवानगी दुसऱ्या जिल्ह्यातल्या बालगृहात, पुढील आदेशापर्यंत. गाडीत बसताना तिने दादा, दादा म्हणून हाक मारली. मी फोनवर होतो. म्हणजे, फोन कानाला लावला होता.
ग्रेसीआजी बाजार बुडवून आलेली. ब्लेझर बघून तिला मी वकील वाटलो. म्हणाली, कागद वाचून दाव. वाचला, अहवाल देणाऱ्याचं नाव गाळून. म्हणाली, कोन आयलेला? मला भेटला कोन? रडली असती तर बरं झालं असतं. तिने कागदाची नीट घडी घातली. मला फार वाईट वाटलं, खरंच.
मग म्हणाली, तू शिकलेला, तूच लिव. ती सांगत गेली, मी लिहीत गेलो : घरी आलेला माणूस मला न भेटता खोटं लिहून गेला, माझी पोर मला द्या. खाली तिने पूर्ण नावाची सही केली, एकेक अक्षर जपून. अपिलाला तीस दिवस आहेत. अर्ज मी कोर्टात पोचवतो म्हटलं. एवढं तरी करायलाच हवं.

१५ डिसेंबर, सोमवार
अर्ज देणार होतो. पण माझ्याविरुद्धचा अर्ज मीच द्यायचा, हे व्यावसायिक नीतीत बसतं का? अभ्यास करावा लागेल.

२४ डिसेंबर, बुधवार
सर्टिफिकेट मिळालं! 'बालहिताची तळमळ' असं छापलंय. फ्रेम करायला टाकलं. ग्रेसीआजीचे चार फोन. ऐन सणात तिचा जीव कशाला दुखवा? उचलले नाहीत.

११ जानेवारी, रविवार
आईबरोबर बाजारात गेलो. समोर ग्रेसीआजी! पळायला जागा नव्हती. तिने आईला सांगितलं, तुजा पोर देवमानूस. टोपलीतलं सगळ्यात मोठं पापलेट पिशवीत घातलं, पैसे घेईना. आईचा ऊर भरून आला. आजीने विचारलं, अर्जाचं काय? बोलून गेलो, उद्या नक्की.
घरी येऊन मोजलं. तीस दिवस आजच संपतात. पण शेवटचा दिवस सुट्टीचा आला तर दुसऱ्या दिवशीही अर्ज चालतो. असं बारीक ज्ञान किती जणांना असतं? पापलेट उत्तम होतं.

१२ जानेवारी, सोमवार. संध्याकाळी ६.२०
गेलो. खरंच गेलो. सकाळी ब्लेझर लाँड्रीतून यायचा होता, तो दुपारी तीनला आला. त्याशिवाय कसं जाणार? कोर्टाची खिडकी बंद झालेली. शिपाई कुलूप लावत होता. म्हणाला, एक म्हातारी सकाळपासून इथे बाकावर बसली होती, माझा वकील येणार म्हणून. आत्ताच गेली.