विहीणबाईंचे तांबडे देठ

चि. सौ. धाकटीस, थोरल्या जावेचे परदेशातून पोटभर आशीर्वाद.

तुझी कंबर काय म्हणते? भावोजींचं पथ्य सुरू झालं की अजून कागदावरच आहे? आम्ही इकडे सुखरूप. नात गुटगुटीत आहे आणि नाक आपल्याकडचं आहे (सूनबाईंच्या माहेरचे काहीही म्हणोत). फोनवरच बोलले असते, पण तू फोन स्पीकरवर टाकतेस आणि सगळी आळी ऐकते.

मी निघाले ती वरमाईच्या तोऱ्यात, हे तुला ठाऊकच आहे. लग्न इकडेच कोर्टात उरकलं, मानपान राहिला तो राहिलाच. म्हटलं, आता तरी विहीणबाई माझा मान कसा ठेवतात ते बघू. पहिल्याच संध्याकाळी त्यांनी ताटलीत काहीतरी पांढरं, थलथलणारं आणून पुढे धरलं. वासही ओळखीचा नाही. मी आपल्या रीतीप्रमाणे नको-नको म्हटलं. (दोनदा नको, तिसऱ्यांदा घासभर, हे काय सांगावं लागतं?) बाईंनी मान डोलावली आणि ताटली उचलून नेली! आग्रह नावालाही नाही. मी खोलीत जाऊन पिशवीतला चिवडा खाल्ला आणि अबोला धरला. दोघींना एकमेकींची भाषा येत नसल्यामुळे तो कुणाच्या लक्षातच आला नाही.

परवा त्या आपल्या परसातून एक जुडी घेऊन आल्या. लांब तांबडे देठ, वर ही एवढाली पानं. परक्या मुलखात अळू बघून माझा जीव सुपाएवढा झाला. चिंच भिजत घातली, दाणे काढले, पानं चिरायला घेतली. तोच बाई धावत आल्या, माझ्या हातातली पानं हिसकावली आणि थेट कचऱ्याच्या डब्यात! वर माझे हात नळाखाली धरून खसाखसा धुतले. वरमाईचे हात! मी बॅग भरायला घेतली. मुलगा कामावरून आला आणि म्हणाला, "अगं आई, ते अळू नाही. त्याची पानं विषारी असतात. देठ तेवढे खायचे."

आता जीव वाचवणाऱ्या बाईवर रुसायचं तरी कसं? बॅग रिकामी केली. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला शेजारी उभं करून ते देठ साखरेत शिजवायला शिकवलं. आंबटगोड, मोरावळ्याच्या जवळपास जाणारं लागतं. मी दुसऱ्यांदा मागून घेतलं, तेही एकदाही नको न म्हणता. खरं सांगते, बाई मला आवडल्या.

भावोजींना आणि मुलांना आशीर्वाद. कंबर शेकत जा.

तुझी,
थोरली

ता. क. तू बांधून दिलेलं लिंबाचं लोणचं विहीणबाई नुसतं चमच्याने खातात. ते मी घातलंय असा त्यांचा समज झाला आहे (मी करून दिला आहे). देठांच्या बदल्यात आता त्यांना ते शिकायचंय. लिंबंसुद्धा आणून ठेवली आहेत. लोणच्याला मुहूर्त लागतो असं मुलाकरवी सांगून मी थोपवून धरलंय, तेव्हा कृती उलट टपाली पाठव.

आणखी एक. मागे मला कृती सांगताना तू मेथी गाळली होतीस, हे मला केव्हाच कळलं आहे. या खेपेस सगळं खरं लिही, वरमाईच्या अब्रूचा प्रश्न आहे. तुझ्या चकल्या इतकी वर्षं मऊ का पडतात, ते मीही लगेच कळवते.