गुलाबांची बाग झाली, आता कॉलेज

शनिवार, ३१ ऑक्टोबर १९९८
पामर्स्टन नॉर्थ

पाय दुखताहेत. मीरा ऑकलंडहून रात्रीच्या बसनं दिवसभरासाठी आली होती. तिला गाव दाखवायला निघालो, तर हे सपाट गाव अकरालाच संपलं. घड्याळाचा मनोरा, नदी, गुलाबांची बाग. काखेत तिच्या आईनं माझ्या परीक्षेसाठी दिलेला लाडवांचा डबा. तो डबाच टोचत होता.

"आता कॉलेज दाखव."

"तिथे काय बघायचंय?" उगाच खेकसलो. मग सांगूनच टाकलं, जूनमध्येच सोडलं, कोपऱ्यावरच्या डेअरीत, म्हणजे इथल्या किराणा दुकानात, गल्ल्यावर बसतो.

ती चिडली नाही. चिडली असती तर भांडता तरी आलं असतं.

बसमध्ये चढताना म्हणाली, "आज घरी आपलं सांगणार होते. आई आधी विचारणार, त्याचं शिक्षण कधी संपतंय?"

"मग?"

"मग आज नाही सांगत."

आज नाही म्हणजे नंतर, की कधीच नाही? एवढा भांडखोर मी, पण हे विचारायची हिंमत झाली नाही.